तालमीतला जुना खांब

श्रोतेहो, तुमच्या गावच्या तालमीत किंवा शाळेच्या आवारात लाकडी मल्लखांब उभा असेल, तर आजचे माझे बोलणे मुख्यतः तुमच्यासाठी आहे. शिक्षक बंधुभगिनींसाठी तर आहेच आहे, कारण खांबावर चढणारी पोरे त्यांच्या हवाली केलेली असतात. खांब जुना झाला, तो बदलावा की नाही, एवढाच विषय. ऐकायला लहान वाटतो. पण हा विषय जिथे जिथे निघाला तिथे दोन तट पडलेले मी पाहिले आहेत. एका गावी तर एवढ्यावरून तालमीच्या पंचांपैकी दोघांचे बोलणे वर्षभर बंद होते.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. सुतारही नाही आणि वस्तादही नाही. लहानपणी आमच्या तालमीतल्या खांबावर अढी घालायला शिकलो आणि आता त्याच तालमीच्या पंचांत बसतो, एवढाच माझा अधिकार. जे सांगतो ते थोडे सुतारांच्या तोंडून ऐकलेले, थोडे वस्तादांकडून शिकलेले आणि थोडे पुस्तकांतून वाचलेले आहे.

आधी जुन्या खांबाची बाजू मांडतो, कारण ती बाजू लंगडी नाही. कोरा खांब आणि चाळीस वर्षे वापरलेला खांब यांतला फरक मांडीला कळतो. जुन्या खांबाच्या अंगावर कितीतरी मुलांच्या मांड्या, पोटऱ्या, बगला घासून गेलेल्या असतात. कुठे कुसळ लागत नाही. मानेला हात घातला की बोटे आपोआप बसतात, आणि बोंडावर टाच ठेवली तर ती कुठे थांबणार हे चढणाऱ्याला आधीच ठाऊक असते. लाकूड तेल पिऊन पिऊन काळसर झालेले असते. हे तेल एरंडाचेच का, असा प्रश्न मला एका चौथीतल्या मुलीने विचारला होता. प्रश्न फार चांगला आहे. जवसाचे तेल लाकडाला लावले तर ते हवेने सुकते आणि त्याचा कडक पापुद्रा होतो. एरंडेल तसे सुकत नाही. ते दाट, ओलसर राहते. म्हणून अंग खांबाला घासून सोलवटत नाही आणि पकडही एकदम सुटत नाही. वर्षानुवर्षे ते तेल, घाम आणि तालमीतली धूळ यांचा मिळून जो ओप चढतो, तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

शिवाय त्या खांबाला घराण्यातल्या माणसासारखा मान असतो. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडते, नागपंचमीला त्याच्यापुढे नारळ फुटतो. सुटीवर आलेला पोलिसातला, फौजेतला गडी आधी मारुतीच्या पाया पडतो आणि मग खांबाला हात लावतो. असा खांब उपटायचा म्हटले की कुणाच्याही पोटात कालवते.

आमच्या पंचांच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा जुने वस्ताद म्हणाले, "मास्तर, ह्या खांबानं आजवर कुणाला पाडलं न्हाई. तुम्ही कालिजात पुस्तकं बदला दर साली. खांब कशाला बदलता?"

मंडळी हसली. मलाही हसू आले. पण वस्तादांच्या बोलण्यात जे गृहीत होते तेच तपासायला हवे होते. खांब वरून जितका सुंदर दिसतो तितकाच तो खालीही धड आहे, असे आपण धरून चालतो. आणि मल्लखांबाच्या बाबतीत नेमकी इथेच फसगत होते, कारण खांब वरून खराब होत नाही. तो पायाशी खराब होतो, आणि पाय जमिनीत असतो.

हे जरा फोडून सांगतो. पुरलेल्या खांबाचा अडीच-तीन फूट भाग मातीत असतो. लाकूड कुजवणारी बुरशी वाढायला ओल लागते तशी हवाही लागते. खांबाचा वरचा भाग कोरडा असतो, म्हणून तो कुजत नाही. अगदी खाली, खोल मातीत, ओल असली तरी हवा कमी, म्हणून तिथेही कुजणे सावकाश चालते. पण जमिनीच्या पातळीशी, टीचभर वर आणि वीतभर खाली, ओलही असते आणि हवाही असते. शेताच्या कुंपणाचे जुने डांब उपटून पाहिलेत ना? खालचे टोक पुष्कळदा शाबूत निघते आणि मोडतो तो मातीच्या सीमेवर. वाळवीही बहुधा त्याच बाजूने शिरते.

आता दुसरी गोष्ट. मुलगा बोंडाजवळ फिरकी घेतो, एका मांडीवर तोलून बाहेर झुकतो, तेव्हा खांबावर सर्वांत जास्त ताण कुठे पडतो? वर, असे मुले सांगतात. तो पडतो खाली, जमिनीशी. उसाचा शेंडा धरून वाकवला तर ऊस बुडाशी कडकन मोडतो, तसाच हा हिशेब आहे. म्हणजे जिथे ताण सर्वांत जास्त, तिथेच लाकूड सर्वांत आधी कुजते. असा हा वाईट योग आहे.

गणिताच्या गुरुजींनी हे फळ्यावर मांडून दाखवावे. पुरलेल्या मल्लखांबाचा बुंध्याशी घेर साधारण ५५ सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास सुमारे साडेसतरा सेंटिमीटर. गोल खांबाची वाकण्यापुढे टिकण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. कुजून चहूबाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर लाकूड निकामी झाले, तर व्यास उरला साडेतेरा. साडेतेराचा घन आणि साडेसतराचा घन यांचे प्रमाण काढा. ते शेकडा ४६ येते. दोन सेंटिमीटर म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढे लाकूड गेले आणि खांबाची निम्म्याहून अधिक ताकद गेली! वरचा ओप मात्र तसाच लखलखतो आहे.

तेव्हा वस्तादांशी वाद घालण्यापेक्षा खांबाचा पाय उकरून पाहावा, असे ठरले. ही परीक्षा कोणत्याही गावात करता येते आणि तिला खर्च नाही. चैत्र-वैशाखात माती कोरडी असताना खांबाभोवती हातभर खोल माती काढा. खांब फडक्याने पुसा. मग सुताराची आर, जाड दाभण किंवा पेचकस घेऊन लाकडात तिरका खुपसा आणि ढलपी उचकटून पाहा. धड लाकूड टोकाला अडवते, आणि ढलपी निघालीच तर लांब धाग्याची, चर्र आवाज करीत निघते. कुजलेल्या लाकडात टोक बोटभर सहज शिरते, आणि ढलपी खडूसारखी आखूड तुटते. लाकडी हातोडीने वरपासून खालपर्यंत ठोकत या. वर टणक आवाज येतो. खाली आवाज बद्द झाला तर समजा की आत पोकळी आहे. हे एकाच बाजूने करून थांबू नका. पावसाचा मार ज्या बाजूने येतो, भिंतीवरची पन्हळ जिकडे गळते, ती बाजू हटकून पाहा.

आमच्या खांबाच्या उत्तरेच्या अंगाला आर चार बोटे आत गेली. आर वस्तादांच्याच हातात होती. ते काही बोलले नाहीत. त्यांनी ती बाहेर काढली, धोतराला पुसली आणि सुताराच्या हातात दिली. त्या दिवसापासून खांबावर पोरे चढणे बंद झाले.

खांबाला गेलेल्या चिरांविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुष्कळ शिक्षक चिरांना भितात आणि पायाकडे बघत नाहीत. लाकूड वाळताना आक्रसते. ते वर्षवलयांच्या घेराने जितके आक्रसते, त्याच्या जवळजवळ निम्मेच मध्यापासून सालीकडे आक्रसते. या ओढाताणीत अखंड गोल ओंडक्याला उभी चीर जाणारच. केसाएवढी, सरळ, उभी चीर असेल आणि ती वर्षानुवर्षे तेवढीच राहिली असेल, तर भिण्याचे कारण नाही. तिच्या कडा घासून बोथट केल्या म्हणजे झाले. पण जी चीर नागमोडी फिरते, जिच्यात नख जाते, आणि विशेषतः जी मानेला आडवी जाते, ती दिसताच खांब बंद करावा. मान हा सर्वांत बारीक भाग असतो, आणि तिथला तडा सांधणारे कोणतेही सरस किंवा लोखंडी पट्टी मुलांच्या जिवापुढे भरवशाची नाही. पट्टी ठोकून वर्ष काढू म्हणणारे पंच प्रत्येक गावात एक तरी असतातच. त्यांना नम्रपणे नाही म्हणावे.

आता मी इतिहासाचा माणूस, म्हणून जरा आडवाटेला जातो. मल्लखांब हा शब्दच पाहा. मल्लाचा खांब. कुस्तीच्या सरावाला रोज तोडीचा जोडीदार मिळतोच असे नाही. त्या जोडीदाराच्या जागी हा खांब उभा राहिला. म्हणजे मुळात हा बदलीवर आलेला गडी! चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या १२ व्या शतकातल्या ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या नव्याने उभी केली, असे मानतात. त्यांच्या तालमीतला खांब आज कुणी दाखवू शकत नाही, पण अढी, तेढी, बगली, दसरंग ही नावे नांदेडपासून सावंतवाडीपर्यंत पोरांच्या तोंडी आहेत.

वेताचेही तेच झाले. पूर्वी टांगलेल्या वेतावर हा खेळ चाले. तसा लांब, जाड, न चिरणारा वेत मिळेनासा झाला आणि त्या जागी सुती दोर आला. वेतावरची पकड वेगळी, दोरावरची वेगळी. वेतावर शिकलेल्या माणसांना दोर लिबलिबीत वाटला असेल, यात मला शंका नाही. आज दोरीच्या मल्लखांबावर मुली जी आसने करतात ती पाहून वेताची आठवण कुणालाही होत नाही. १६ व १७ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईला शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. परदेशांतून आलेली पोरे आपापला सवयीचा खांब पाठीवर घेऊन आली नव्हती. समोर होता त्या खांबाला त्यांनी हात जोडले आणि चढली.

असो. खांब बदलायचा हे ठरल्यावर खरी कामे सुरू होतात, आणि इथे घाई केली तर नवा खांब जुन्याहून लवकर जातो.

लाकूड सागाचे किंवा शिसवाचे घ्यावे, हे सगळेच सांगतात. पण साग म्हटले की संपले, असे नाही. सागाला वाळवी लागत नाही हे फक्त आतल्या सोनेरी-तपकिरी गाभ्याबद्दल खरे आहे. बाहेरचे पांढुरके लाकूड वाळवी आनंदाने खाते. कोवळ्या, भराभर वाढवलेल्या झाडात हा पांढुरका भाग जास्त असतो. म्हणून कापलेल्या टोकाकडे बघा आणि गाभा केवढा आहे ते पाहूनच सौदा करा. रेघा सरळ हव्यात. गाठ मानेजवळ मुळीच नको. आणि आपल्याच बांधावरचा साग तोडू म्हणाल, तर आधी परवानगी काढा. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या शेतातला सागही परवानगीवाचून तोडता येत नाही.

ओल्या लाकडाचा खांब करू नये. सुतार लोकांचा जुना ठोकताळा असा, की फळी सावलीत वाळायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष लागते. मग सात इंचांच्या ओंडक्याला किती लागतील ते बघा. एवढा धीर कुठल्या तालमीला आहे? यावर आमच्या सुताराने काढलेली तोड मला फार आवडली. शेजारच्या गावात एक पडका वाडा उतरवायला काढला होता. त्याची सागवानी तुळई त्याने मोजून, ठोकून, खिळे शोधून काढून आणली. शंभर वर्षे छपराखाली वाळलेले लाकूड! म्हणजे आमचा नवा खांब जुन्या खांबाहून वयाने मोठा निघाला. हे कळल्यावर वस्तादांच्या कपाळावरची एक आठी कमी झाली, असे निदान मला तरी वाटले.

पुरताना खड्ड्याच्या तळाशी वीतभर खडी घाला, म्हणजे पाणी खाली निचरेल. पुरला जाणारा भाग आणि जमिनीवरचा टीचभर भाग डांबराने माखा. बाजूने मुरूम आणि दगड चेचून भरा. सिमेंटचा घट्ट पेला करून त्यात खांब बसवला की काम पक्के झाले, असे पुष्कळांना वाटते. परंतु लाकूड आणि सिमेंट यांच्यामध्ये फट पडते, त्या फटीत पाणी उतरते आणि पेल्यात साठून राहते. पेला करायचाच असेल तर त्याला तळ ठेवू नका आणि वरच्या कडेला बाहेरच्या बाजूने उतार द्या. लोखंडी बैठकीवर बोल्टांनी बसवलेले खांब आता मिळतात. शाळेला ते सोयीचे, कारण पाय डोळ्यांसमोर राहतो आणि पावसाळ्यात खांब आत नेता येतो. फक्त बैठक जड हवी आणि बोल्ट दर आठवड्याला आवळायला हवेत. घसारा मोडेल म्हणून खांबाला चकचकीत वार्निश लावणारे एक उत्साही गृहस्थ मला भेटले होते. कृपा करून वार्निश लावू नका. त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते मांडीत शिरतात.

खांब उभा राहिला, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. आणि मग पहिल्याच सकाळी पोरे कुरकुरू लागतात. हा घसरतो. हा बोचतो. हा जाड आहे. आमच्याकडे जो मुलगा जुन्या खांबावर डोळे मिटून दसरंग करीत असे, तो नव्यावर साध्या अढीत घसरून खाली आला आणि रडकुंडीला आला. शिक्षकांनी इथे सांभाळून घ्यायला हवे. त्या मुलाची विद्या कुठे गेलेली नसते. त्याच्या मांडीला जो दाब ठाऊक होता तो त्या जुन्या लाकडाच्या मापाचा होता. नव्या मापाचा दाब तिला शिकावा लागतो, आणि त्याला दिवस लागतात. पहिले पंधरा दिवस वरची कामे बंद ठेवावीत. साधी उडी, अढी, उतरणे, पुन्हा चढणे, एवढेच. चांगल्या पोरांनाही लहानांच्या रांगेत उभे करावे, आणि वस्तादांनी स्वतः आधी चढून दाखवावे. खाली माती खणून भुसभुशीत केलेली असावी, गाद्या असल्या तर त्या अंथराव्या.

तेल रोज संध्याकाळी थोडे थोडे लावावे. तळहाताने चोळावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी कोरड्या फडक्याने जास्तीचे टिपून घ्यावे. एकदम बाटली ओतली तर लाकूड तेवढे पीत नाही, आणि पोरे घसरतात. पहिल्या दोन महिन्यांत नवा खांब किती तेल पितो याचे आश्चर्य वाटते. मग एके दिवशी ते वरच राहायला लागते. तेव्हा समजावे की खांब अंगाला येतो आहे.

जुन्या खांबाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र उरतोच. काही ठिकाणी तो तालमीच्या मागे आडवा पडून असतो आणि त्यावर पोरे बसतात. काही ठिकाणी एखाद्या थंडीत त्याची शेकोटी होते. मला दोन्ही आवडत नाही. पाय कुजला म्हणून वरचा खांब कुजलेला नसतो. आमच्या सुताराने कुजका भाग, आणि त्याच्यावर आणखी हातभर लाकूड, करवतीने कापून टाकले. उरलेले ठोकून, आर खुपसून तपासले. मान निकोप होती. टांगता मल्लखांब पुरलेल्या खांबाहून आखूडच असतो. तेव्हा वर लोखंडी आकडा बसवून, साखळीने तो आढ्याच्या कडीला टांगला. खाली कापलेली कड गोल घासली. आधी वाळूची पोती बांधून दोन दिवस तसाच लोंबकळत ठेवला, मग मोठी माणसे लटकली, मग पोरांना परवानगी दिली. मानेत चीर असती तर मी स्वतः टांगू दिला नसता, मग कितीही जीव जडलेला असो. आता तो झुलतो, फिरतो. पुरलेल्या खांबावर पटाईत असलेल्या पोरांची त्याच्यावर चांगलीच त्रेधा उडते, आणि वस्तादांना त्याचा आनंद होतो.

एक शेवटची व्यवस्था सांगतो आणि थांबतो. आमच्या तालमीच्या भिंतीवर, मारुतीच्या कोनाड्याशेजारी, नवा खांब पुरल्याची तारीख तेलरंगाने लिहिली आहे. तिच्याखाली दर वर्षी चैत्रात पाय उकरून पाहिल्याची तारीख आणि पाहणाऱ्याची सही, असा एक तक्ता आखला आहे. तक्त्यात दोन ओळी भरल्या आहेत. दोन्ही सह्या वस्तादांच्या आहेत.